बोर्डाची शाळा

जुन्नर तालुक्यात एखाद्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा, "बाबा, शाळा कुठं शिकलात?" तो म्हणेल, "बोर्डाच्या शाळेत." हे बोर्ड म्हणजे लोकल बोर्ड. ते जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळांच्या भिंतींवरच्या पाट्या बदलल्या. पण जुन्या माणसांच्या तोंडी शाळा बोर्डाचीच राहिली. आमच्या घरातही अब्बा तसंच म्हणायचे. लोक एखादं नाव इतकी वर्षं धरून ठेवतात, तेव्हा त्यात काहीतरी हिशेब असतो. तो हिशेब शोधताना मला थेट एका आण्यापर्यंत मागं जावं लागलं.

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारनं शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा जादा पट्टी बसवली. जुनी माणसं तिला लोकल फंड म्हणत. या पट्टीचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा गावच्या शाळांना, अशी वाटणी होती. म्हणजे मीना, कुकडी आणि घोड या नद्यांच्या काठी ज्वारी-बाजरी पिकवणारा कुणबी आणि डोंगरात भात-नाचणी घेणारा महादेव कोळी, दोघेही शाळेसाठी पैसे भरत होते. त्यांच्यातल्या बहुतेकांची मुलं त्या वेळी शाळेत जात नव्हती, ही गोष्ट वेगळी. वेगळी तरी कशी म्हणावी? जोतिराव फुल्यांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी सांगितलं. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरणारे असावेत, हीही त्यांची मागणी होती. त्यांना पगारही नीट द्या, असा आग्रह त्यांनी धरला. हे वाचताना मला नेहमी वाटतं, की शिक्षण खात्याच्या परिपत्रकांत हे निवेदन दरवर्षी जूनमध्ये पहिल्या पानावर छापायला हवं.

इथं थोडं विषयांतर करतो. जुन्नर हे कागदाचं गाव होतं. जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरात वापरला जायचा, आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. चिंध्या कुटून, लगदा करून, चाळणीवर पसरून त्यांनी कागद केला, त्यावर दुसऱ्यांनी लिहिलं. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. ज्या गावानं राज्याच्या हिशेबाला कागद पुरवला, तिथल्या कारागिराच्या मुलाला स्वतःचं नाव लिहायला शिकण्यासाठी सरकारी शाळेची वाट पाहावी लागली, ही इतिहासाची गंमत मला कधी हसू आणत नाही.

शाळा कुणाच्या ताब्यात असावी, हा झगडा शंभर वर्षांचा आहे. १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती दिल्या. निवडून आलेली गावची माणसं मास्तर नेमू लागली. त्यात वशिले झाले, बदल्यांचं राजकारण झालं, आणि १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं कायदा दुरुस्त करून तपासणीचा आणि प्रशासनाचा अधिकार पुन्हा सरकारकडं ओढला. १९४७ च्या कायद्यानं जिल्हा स्कूल बोर्डं आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, शिक्षण समिती आणि तालुक्याला पंचायत समिती. एकदा दोर गावाकडं सोडायचा, एकदा ओढून घ्यायचा. मोटेवरच्या माणसासारखं हे चाललेलं आहे.

या सगळ्या उलाढालीत एक वस्तू बदलली नाही, ती म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. दिपोटी तपासणीला आले की आधी हे रजिस्टर पुढं व्हायचं. आमच्या भागाचा खरा इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर त्यानं किल्ल्यांवर जाण्याआधी ही रजिस्टरं उघडावीत. त्यात एक मजा दिसेल. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. आईबापांना तारीख ठाऊक नसे. पोर दाखल करण्याएवढं झालं की गुरुजी डोळ्यांनी अंदाज घेऊन वर्ष धरत आणि १ जून लिहून टाकत. माझाही जन्म सरकारदरबारी १ जूनचाच आहे. अम्मी सांगायची, तेव्हा सुगी चालू होती.

अब्बा १९४० च्या दशकात बोर्डाच्या शाळेतून फायनल झाले. त्या काळी फायनल झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, निदान गावाची पत्रं तरी वाचून दाखवायचा. मी १९७६ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. जिथं मुलं पुरेशी होती तिथं उर्दू शाळा असत, पण आमच्या गावात मुसलमानांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळं मराठी शाळाच. घरात दखनी, शाळेत मराठी. कविता म्हणायला गुरुजी मला उभं करायचे ते माझा आवाज मोठा म्हणून. पुढं मी मराठीत लिहू लागलो त्याचं मूळ मला तरी त्या खड्या आवाजात सापडतं. मराठी मला कुणी बहाल केली नाही, ती चौथीपर्यंत फुकट मिळाली. लोकल फंडाच्या पैशातून, असं म्हणा.

आता कारभार कसा चालतो ते सांगतो, कारण शाळेवर बोलणाऱ्या पुष्कळांना तो माहीत नसतो. वर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी. आंबेगावची पंचायत समिती घोडेगावला बसते. त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख. हे पद १९९० च्या दशकात आलं, साधारण दहा शाळांचं एक केंद्र धरून. तळाशी बहुतेक वाड्यांवर दोन शिक्षक. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्यानुसार साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. एक पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी. एकजण बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. निवडणूक, मतदार याद्या आणि जनगणना ही कामंही त्यांचीच. १९९५ साली पोषण आहार सुरू झाला तेव्हा मुलं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी आली आणि तिचा हिशेबही मास्तरांच्या दप्तरात आला. खडू, झाडू, विजेचं बिल यांसाठी मिळणाऱ्या किरकोळ रकमेला सादिल म्हणतात. सादिल कधी येईल ते पावसासारखं. मास्तर आधी खिशातून घालतात.

दोन्ही तालुक्यांची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडं उतरते, आणि शाळांची स्थितीही त्या उतारासारखीच आहे. पूर्वेला नारायणगाव, मंचर, ओतूर. टोमॅटो, ऊस, कांदा, द्राक्ष. आर्वीला १९७१ साली उपग्रह केंद्र आलं. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तिथं दरवर्षी विज्ञान दिनाला खेड्यापाड्यांतली पोरं प्रयोग मांडायला येतात. ऊस वाढला तसा उसात बिबट्याही राहायला आला, आणि शाळेची वाट आईबापांच्या जिवाला घोर लावू लागली. पैसा आला तशा इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्याही आल्या. पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत डोंगर, हिरड्याची झाडं आणि विखुरलेल्या वाड्या. कुकडी प्रकल्पाची धरणं पश्चिमेच्या खोऱ्यांत झाली आणि पाणी पूर्वेच्या शेतांना गेलं. डिंभे धरणात तर ज्या गावाच्या नावानं तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगावच बुडालं. गावाबरोबर शाळाही बुडते, हे नकाशावर दिसत नाही.

माळीण तुम्हाला आठवत असेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. ढिगाऱ्याच्या कडेला शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. २०१७ च्या एप्रिलमध्ये आमडे इथं नवं माळीण वसवलं, त्यात शाळाही बांधली.

अशा शाळांची गुणवत्ता मोजायची कशी? पूर्वी दिपोटी धडा वाचायला लावत. मग शिष्यवृत्ती परीक्षा हाच गावाचा मापदंड झाला. अमक्या शाळेची इतकी मुलं स्कॉलरशिपला आली, की पेढे. ही परीक्षा चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली, आणि चौथीपर्यंतच्या वाडीवरच्या शाळेला मिरवायला काही उरलं नाही. तिचं पोर पाचवीला दुसऱ्या शाळेत जायचं, नाव त्या शाळेचं व्हायचं. २०२५ साली परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. २००५ पासून 'असर'ची पाहणी होते. तीत मुलाला घरी गाठून दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात. ही पाहणी खाजगी शाळेतल्या पोरांनाही लागू असते, आणि तीही वाचताना अडखळतात. पण पिवळ्या गाडीच्या काचेतून ते दिसत नाही.

पश्चिमेच्या वाड्यांत पट का घटतो, याची कारणं तिथं राहणाऱ्यांना पाठ आहेत. जन्म कमी झाले. आईबाप मजुरीला नारायणगावच्या बाजूला उतरतात, पोरं बरोबर जातात. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. त्यावर नामांकित शाळांची योजना आली, तीत आदिवासी मुलांना इंग्रजी निवासी शाळांत घालतात. म्हणजे एक सरकारी खातं वाडीतून मूल उचलून नेतं आणि दुसरं खातं म्हणतं, तुमच्या शाळेत मुलंच नाहीत. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करण्याचं ठरलं. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना पुढं आली. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. शिक्षकांच्या बदल्या संगणकावर, भरती 'पवित्र' पोर्टलवर, संचमान्यता आधार क्रमांक जुळलेल्या मुलांवर. दोर पुन्हा वर ओढला गेला आहे. संगणकी बदल्यांनी वशिला कमी झाला हे मी मान्य करतो, पुष्कळ शिक्षिकांनी त्यामुळं सुटकेचा श्वास टाकला. पण मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. शाळांच्या जगण्यामरण्याची चर्चा नेमकी त्याच काळात चालली होती, आणि जाब विचारायला निवडून दिलेला सदस्य नव्हता.

शेजारच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. तिचा पट एकदा तीनवर आला होता. गावकरी आणि शिक्षक मिळून कामाला लागले, पट शंभराच्या पुढं गेला, आणि २०२५ साली त्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दहाच्या आतला नियम तिला वेळेवर लावला असता, तर तिथं आज कुलूप दिसलं असतं. आता प्रत्येक वाडीत असं घडेल अशी आशा मी लावून बसलेलो नाही. चार घरांची वाडी शंभर मुलं कुठून आणणार? तिला दोन शिक्षक आणि वेळेवर सादिल एवढंच हवं असतं.

जुन्नर आणि आंबेगावची पश्चिमेकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ साली झाले. गावातल्या सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तो कायदा गावाला देतो. शाळा ही अशीच एक संस्था. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका. म्हणजे कागदावर शाळेचा दोर वाडीतल्या आईच्या हातात आहे. पट कमी म्हणून शाळा हलवायची असेल, तर पहिली चिठ्ठी ग्रामसभेला जायला हवी. शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम आहेच. पण मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस ओलांडता येत नाही, हे पुण्यातल्या संगणकाला विचारून कळणार नाही, त्या ग्रामसभेला विचारावं लागेल.