चोवीस इंची म्हणजे नक्की काय? उंच माणसाच्या सायकलीचा इतिहास

धाराशिव, कळंब, परंडा, कुठल्याही गावातल्या जुन्या सायकल दुकानात जा आणि काळी सायकल दाखवा म्हणा. पहिला प्रश्न येतो, "बावीस का चोवीस?" उंच माणसाला चोवीस, बाकीच्यांना बावीस, असा साधा हिशोब. आता सांगा, हे चोवीस इंच सायकलीच्या कुठल्या भागाचे? चाकाचे नक्कीच नाहीत, कारण दोन्ही सायकलींचं चाक बहुधा अठ्ठावीस इंचीच असतं. चोवीस इंच आहे सीटखालची उभी नळी.

हा प्रश्न डोक्यात घोळायचं कारण एक फोन. आमच्या धाराशिवचाच एक मुलगा, उंची सहा फूट चार इंच. त्याला लाँग ट्रॅव्हल फुल सस्पेन्शन माउंटन बाईक घ्यायची आहे. म्हणजे जिची दोन्ही चाकं दीडशे-एकशे साठ मिलिमीटर वर-खाली सरकू शकतात अशी सायकल. मामला लाखांतला, आणि त्याच्या मापाची सायकल आसपासच्या दुकानात बसून बघायला मिळत नाही. "ताई, एक्सएल घेऊ का डबल एक्सएल?" तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर या प्रश्नात तुमच्याही कामाचं काही आहे. गाइड तुम्हाला कधी ना कधी विचारणारच, "हे व्हेरिएबल तुम्ही का निवडलं?" सायकलीच्या धंद्याला हा प्रश्न कुणी शंभरेक वर्षं विचारला नाही, आणि त्याचा भुर्दंड सगळ्यात जास्त उंच माणसांनी भरला.

सुरुवातीला मात्र उंच माणसाची चैन होती. १८७० च्या दशकात जी सायकल आली तिचं पुढचं चाक प्रचंड आणि मागचं अगदी लहान. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला, चेन नाही. पाय एकदा फिरला की चाक एकदाच फिरणार. त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं हवं, आणि चाक किती मोठं घ्यायचं ते तुमचा पाय किती लांब यावर. गणित करून बघा. ५० इंची चाकाचा घेर जवळपास ४ मीटर, ६० इंची चाकाचा ४.८ मीटर. लांब पायाच्या माणसाला प्रत्येक फेऱ्यात पाऊण मीटरहून जास्त फुकट मिळायचं! इथे माप म्हणजेच गिअर होता. थॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ मध्ये अशाच ५० इंची सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्या वाटेवर तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या देशातूनही गेला. आजही सायकलवाले गिअर इंचात सांगतात, ते याच मोठ्या चाकाचे इंच. चाक गेलं, एकक राहिलं.

१८८५ मध्ये कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यांची रोव्हर आली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. वेग आता दातऱ्यांवर ठरू लागला, पायाच्या लांबीवर नाही. मग माप कशाचं घ्यायचं? उभ्या नळीचं. आणि ते त्या काळात अगदी योग्य होतं, हे मला ठासून सांगायचंय. सीटचा दांडा आखूड असायचा, नळीतून बाहेर फार काढता येत नसे. आडवी दांडी जमिनीला समांतर, तिच्यावरून टांग टाकायची. माणूस सगळा वेळ बसून चालवणार. अशा सायकलीत "ही मला बसेल का?" याचा अर्थ "माझा पाय पुरेल का?" एवढाच. उभी नळी त्याचं चोख उत्तर देते, आणि मोजायला फक्त टेप लागते. जुन्या लोकांना अडाणी ठरवून इतिहास लिहायची सवय असेल तर आत्ताच सोडा. त्यांचा प्रश्न काय होता ते आधी बघा.

त्याच १८८५ मध्ये आणखी एक सायकल आली, लिनली आणि बिग्ज यांची व्हिपेट. हिच्या फ्रेममध्ये स्प्रिंग होती, म्हणजे फुल सस्पेन्शनची पणजीच. मला ती आवडते तिच्यामागच्या विचारासाठी. हात, बूड आणि पाय या तीन ठिकाणी माणूस सायकलला टेकतो. व्हिपेटने सीट, हँडल आणि पेडल यांचा त्रिकोण पक्का ठेवला आणि तो अख्खा त्रिकोण स्प्रिंगवर तोलला. खड्ड्यात चाकं हलतील, पण त्रिकोण बिघडणार नाही. म्हणजे सायकलीचं खरं माप एका नळीत नसून तीन बिंदूंत आहे, हे तेव्हाच कुणाला तरी दिसलं होतं. पण १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. हादरे हवेनेच खाल्ले, स्प्रिंगच्या फ्रेमा मागे पडल्या आणि त्यांच्याबरोबर त्रिकोणाचा विचारही.

आपल्याकडे आली ती हवेच्या टायरची, उभ्या नळीच्या मापाची काळी सायकल. आधी इंग्लंडहून, मग मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, स्वातंत्र्यानंतर आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय, सोनिपतची ॲटलस, लुधियानाची हिरो. मराठवाड्यात दूध, कडबा, शाळा, बाजार, सगळं हिच्यावरून झालं. बावीस-चोवीसच्या पलीकडचे म्हणजे लहान पोरं. त्यांनी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची स्वतःची पद्धत शोधली. माप बसत नसेल तर माणूस वाकडा होतो, सायकल नाही.

आता थेट अमेरिकेला जाऊ, कारण डोंगरावरची सायकल तिथे घडली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये १९७६ पासून काही तरुण श्विन एक्सेल्सिअरसारख्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने उतारावर शर्यती लावायचे. त्या उताराला नाव पडलं रिपॅक, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि नव्याने भरावं लागायचं. त्या जुन्या सायकलींचा चिमटा, म्हणजे फोर्क, आपल्या काळ्या सायकलीसारखाच पुढे झुकलेला होता, साधारण ६७-६८ अंश. उतारावर असा चिमटा सावरून घेतो. पण पुढच्या दशकात कारखान्यांनी रस्त्यावरच्या रेसिंग सायकलींची नक्कल केली. चिमटा ७१ अंशांवर उभा झाला आणि हँडल पुढे नेण्यासाठी १३०-१४० मिलिमीटरचे लांबलचक स्टेम आले.

उंच माणसाचे हाल इथे सुरू होतात. कारखान्यांनी त्याला मोठी सायकल दिली म्हणजे काय केलं? उभी नळी वाढवली. पुढची लांबी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. ती कसर लांब स्टेमने भरून काढली. सपाटीवर ठीक, पण उतारावर त्याचं वजन पुढच्या चाकाच्या आसावर लटकायचं आणि चाक दगडात अडकलं की तो हँडलवरून पुढे. याला पुष्कळ वर्षं "उतारावर पडतातच" असं म्हणत राहिले. दोष मोजमापात होता आणि खापर फुटलं चालवणाऱ्यावर.

१९८९ च्या सुमारास पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सने हवेचा-तेलाचा चिमटा आणला, ट्रॅव्हल जेमतेम दोन इंच. मग मागेही सस्पेन्शन आलं, ट्रॅव्हल वाढत गेला. शॉक बसवायला जागा हवी म्हणून आडवी दांडी तिरपी झाली, उभी नळी वाकली, काही सायकलींत मधेच तुटली. आता चोवीस इंच मोजायचे कुठून कुठपर्यंत? आकड्याचा पायाच गेला. तरी कॅटलॉगमध्ये तो छापून येत राहिला. कारण मागच्या वर्षीच्या तक्त्यात तो रकाना होता. (तुमच्या विभागातल्या प्रश्नावलीतही असा एखादा रकाना असेल, शोधून बघा.)

उत्तर भलत्याच ठिकाणाहून आलं. २००० नंतर ट्रायथलॉनच्या सायकली बनवणाऱ्या डॅन एम्पफील्ड यांनी रीच आणि स्टॅक ही दोन मापं रूढ केली. पेडलचा आस, म्हणजे बीबी, हा मूळ बिंदू धरायचा. तिथून हँडलच्या नळीचं वरचं टोक आडवं किती पुढे तो रीच, उभं किती वर तो स्टॅक. बस. नळ्या कशाही वाकवा, मोजायचंय ते नळीला चिकटलेलं नाही. व्हिपेटच्या त्रिकोणातले दोन बिंदू परत आले म्हणा. डोंगरी सायकलवाल्यांनी हे लगेच उचललं, कारण उतारावर माणूस सीटवर बसतच नाही. तो पेडलवर उभा असतो, म्हणजे त्याच्यासाठी पाय आणि हात हे दोनच बिंदू खरे. २०१२ च्या सुमारास स्पेनच्या मोन्ड्रेकरने फ्रेम लांब आणि स्टेम अगदी आखूड केला. लोक हसले आणि मग सगळ्यांनी तेच केलं. २०१७ मध्ये फोर्ट विल्यमचा डाउनहिल वर्ल्ड कप ग्रेग मिनारने २९ इंची चाकांच्या सँटा क्रूझवर जिंकला. दक्षिण आफ्रिकेचा हा गडी सहा फुटांहून बराच उंच आहे. लहान चाकांवर त्याला कायम सायकलीच्या वर बसल्यासारखं व्हायचं, तर मोठ्या चाकांमध्ये तो आत उभा राहू शकला. गंमत बघा, २९ इंचीच्या रिमचं माप ६२२ मिलिमीटर आणि आपल्या काळ्या सायकलीच्या २८ इंचीचं ६३५. रिम आपली मोठी! टायर जाड म्हणून नाव त्यांचं मोठं. नावातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, हे इतक्या स्वस्तात शिकायला कुठे मिळणार?

आता त्या मुलाचा प्रश्न. आधी मी त्याला ट्रॅव्हलबद्दल टोकलं. बालाघाटाची कड, मुरूम, सुटे दगड, बाभळीचे काटे हे सगळं खरं, पण आपले उतार आखूड आहेत. इथल्यापुरतं १३० मिलिमीटर पुरेल, बाकीचं चढावर ओझं होईल. तो सह्याद्रीत जायचं म्हणतो, तर जाऊ दे, १६० घेऊ दे.

एक्सएल की डबल एक्सएल हे अक्षर सोडून द्यायचं आणि तक्ता उघडायचा. आज लाँग ट्रॅव्हल एक्सएलचा रीच ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर डबल एक्सएलचा त्याहून थोडा जास्त. पण नुसता रीच बघून भागत नाही, आणि इथेच मला हा विषय सोडवत नाही. पुष्कळ कंपन्या फ्रेम मोठी करताना पुढचाच भाग वाढवतात. बीबीपासून मागच्या आसापर्यंतचा चेनस्टे लहान मापात ४३५ आणि मोठ्यातही ४३५. तुम्ही पेडलवर सरळ उभे असाल तर पुढच्या चाकावर येणाऱ्या वजनाचा वाटा साधारण चेनस्टे भागिले व्हीलबेस. १२०० च्या व्हीलबेसला ३६ टक्के, १३०० ला ३३.५ टक्के. म्हणजे उंच माणसाचं पुढचं चाक वळणावर हलकं पडतं आणि त्याला मुद्दाम पुढे वाकत राहावं लागतं. चेनस्टे मापाप्रमाणे वाढवणारी कंपनी मिळाली तर पहिली पसंती तिला.

दुसरं, सीटच्या नळीचा कोन. तक्त्यात ७७ अंश लिहिलेलं असतं, पण तो एका ठरावीक उंचीवर काढलेला. वाकलेल्या नळीचा खरा कोन ७० असू शकतो. उंच माणसाची सीट त्या उंचीच्या १५० मिलिमीटर वर गेली, तर ७७ च्या कोनात ती ३५ मिलिमीटर मागे सरकली असती, ७० च्या कोनात ५५ सरकते. दोन सेंटीमीटर जादा मागे, तेही चढावर, सस्पेन्शन मागे दबलेलं असताना. पुढचं चाक उचललं जाणार नाही तर काय?

आणि उभी नळी? आता उंच माणसालाही ती आखूडच हवी! बटण दाबलं की खाली जाणारा लांब ड्रॉपर सीटपोस्ट तिच्यात पूर्ण बसला पाहिजे. ज्या आकड्यावरून सहा फुटी माणूस आपली सायकल ओळखायचा, तो आता जितका कमी तितका बरा.

कुणाला सायकलींच्या मापांचा इतिहास लिहायचा असेल तर एक अडचण येणार. जुन्या कॅटलॉगांत रीच सापडत नाही, कारण कुणी मोजलाच नव्हता. पण सायकली अजून आहेत, आणि रीच काढायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा. हँडलच्या नळीच्या वरच्या टोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा. दोरीपासून बीबीच्या मध्यापर्यंत आडवं अंतर म्हणजे रीच. सायकल नसून नुसता बाजूने काढलेला सरळ फोटो असेल तरी चालेल, ६३५ मिलिमीटरची रिम हीच मोजपट्टी. काळ्या सायकलीचा अंदाज कागदावरही येतो. आडवी दांडी ५७०, उभ्या नळीचा कोन ६७ अंश, स्टॅक ६२० धरला, तर रीच ३०७ मिलिमीटर. आजच्या एक्सएलच्या दोनशेने कमी! म्हणून ती सायकल वाईट ठरत नाही. मागे वळलेलं हँडल धरून बसणाऱ्या माणसाला रीच लागतच नव्हता.

त्या मुलाला मी हेच त्याच्या आताच्या हार्डटेलवर करायला सांगितलं. शेजारच्या बांधकामावरून त्याने ओळंबा मागून आणला. आकडा आला साडेचारशेच्या आत. वळताना गुडघे हँडलला लागतात अशी त्याची तक्रार होतीच. आता दोन कंपन्यांचे तक्ते त्याने पाठवलेत, एकाचा रीच ५१५, दुसऱ्याचा ५३०. मी चेनस्टेचा रकाना मागवलाय. तो अजून आला नाही.