हिंदू पाणी ते हिंदू मील

विमानाचे तिकीट काढताना जेवणाचा रकाना आपण बहुधा घाईघाईने भरतो. तिथे चार-चार इंग्रजी अक्षरांची सांकेतिक नावे असतात. एव्हीएमएल, एचएनएमएल, व्हीजेएमएल, एमओएमएल, केएसएमएल. विमान कंपन्यांची ही समाईक परिभाषा. कोणत्याही देशात तिकीट काढा, कोणत्याही विमानात बसा, स्वयंपाकघराला ती कळते. एमओएमएल म्हणजे मुस्लिम, केएसएमएल म्हणजे ज्यूंचे कोशेर, व्हीजेएमएल म्हणजे जैन. आणि एचएनएमएल म्हणजे हिंदू.

आता गंमत पाहा. या परिभाषेतले 'हिंदू मील' सहसा मांसाहारी असते! त्यात गोमांस आणि डुकराचे मांस नसते, पण कोंबडी, बकरा किंवा मासळी असू शकते. आपल्याकडचे शाकाहारी जेवण हवे असेल तर मागायचे 'एशियन व्हेजिटेरियन', म्हणजे एव्हीएमएल. परदेशी मुलाकडे निघालेल्या कित्येक शाकाहारी ज्येष्ठांनी मोठ्या विश्वासाने 'हिंदू मील' मागितले आणि झाकण उघडल्यावर कोंबडीचे तुकडे पाहून उपवास घडला! हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

विमानात विकत मिळालेले पहिले जेवण १९१९ सालचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हँडली पेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-पॅरिस प्रवासात ३ शिलिंगांना डबा द्यायला सुरुवात केली. जेवण थंडच, कारण विमानात गरम करण्याची सोय नव्हती. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीने ओकलंड इथे खास विमानांसाठी स्वयंपाकघर उभारले. तेव्हापासून जेवण शिजते जमिनीवर आणि वाढले जाते आकाशात.

त्या काळात प्रवाशाच्या धर्माचा विचार फारसा कुणी करत नव्हते. विमानाने जाणारे लोक मूठभर, श्रीमंत आणि बहुतेक गोरे. जेवण होते ते एकमेकांवर कुरघोडी करण्याचे साधन. अटलांटिक ओलांडण्याचे भाडे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे 'आयाटा'ने, बांधून दिलेले. भाडे कमी करता येत नाही, मग गिऱ्हाईक ओढायचे कसे? तर खाऊ घालून! १९५८ साली इकॉनॉमी वर्ग सुरू झाला, तेव्हा त्या वर्गात फक्त साधे सँडविच द्यायचे असे ठरले होते. युरोपी कंपन्यांनी त्या पावावर एवढे पदार्थ रचले की पॅन अ‍ॅमने तक्रार केली. अखेर 'सँडविच म्हणजे काय' याची चर्चा संघटनेला करावी लागली आणि स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीला २० हजार डॉलरचा दंड झाला. हे प्रकरण 'सँडविच युद्ध' म्हणून ओळखले जाते.

चित्र बदलले ते प्रवासी बदलले म्हणून. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पुढे जेट विमाने आली, भाडी आवाक्यात आली आणि १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा खेळू लागला. गोव्याच्या, केरळच्या, कोकणाच्या गावांतून माणसे कामासाठी दुबई, कुवेत, बहारीनला निघाली. आता एकाच विमानात हाजी, जैन व्यापारी, शीख ड्रायव्हर आणि सासष्टीचा ख्रिस्ती मेकॅनिक शेजारी शेजारी बसू लागले. त्यांच्यापुढे एकच ताट ठेवणे शक्य नव्हते.

आणि ताट वेगळे करणे सोपेही नव्हते. जेवण उड्डाणाच्या कित्येक तास आधी शिजते, झटपट थंड केले जाते, थंडच विमानात चढते आणि वर फक्त गरम होते. वर गेल्यावर कुणाला काही शिजवून देता येत नाही. म्हणून खास जेवण सहसा किमान २४ तास आधी सांगावे लागते. कोशेर जेवण धर्मगुरूंच्या देखरेखीखाली तयार होते आणि मोहोरबंद येते. प्रवाशाने ती मोहोर पाहिल्याशिवाय हवाई सेविकेनेही ते उघडायचे नसते. मुस्लिम जेवणाला हलाल प्रमाणपत्र लागते. जैन जेवणात कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे वर्ज्य. ज्या धर्माचे नियम लिखित आणि ठाम, त्याचे जेवण संकेतात बसवणे सोपे.

हिंदूंचे काय करणार? आपला नियम एका ग्रंथात नाही. तो घरात आहे, पंचांगात आहे, आईच्या डोळ्यांत आहे! बाहेरच्या स्वयंपाकघराला त्यातून हाती लागले ते एवढेच : गाय नको. म्हणून गोमांस वगळलेले जेवण ते 'हिंदू', आणि ज्यांना मांसच नको ते 'आशियाई'.

आमच्या गोव्याचेच घ्या. नुस्त्याच्या हुमणाशिवाय शीत न उतरणारा माणूस सोमवारी शिवराक असतो. श्रावणात घरात मासळी शिजत नाही. कित्येक जुन्या सारस्वत घरांत मासळीला मान, पण कोंबडीला स्वयंपाकघरात मज्जाव. आमचे ख्रिस्ती शेजारी एरवी सोरपोतेल आवडीने खातील, पण पवित्र शुक्रवारी मांसाला शिवणार नाहीत. यातले काय चार अक्षरांत बसते? वार आणि तिथी पाहून बदलणारे जेवण कोणत्या संकेताने मागायचे?

आपल्या देशाला ही धर्मवार वाटणी नवी नाही. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे. उपाहारगृहे वेगळी, चहाही वेगळा. १९४५-४६ च्या सुमारास लाल किल्ल्यात कैदेत असलेल्या आझाद हिंद सेनेच्या सैनिकांनाही असाच हिंदू चहा आणि मुस्लिम चहा वेगळा दिला जाई. दोन्ही चहा एकत्र ओतून आपण अर्धा अर्धा वाटून घेतो, असे त्यांनी गांधीजींना सांगितले होते.

मग विमानातले 'हिंदू मील' म्हणजे त्या पाण्याचाच नवा अवतार का? मला तसे वाटत नाही. फरक मोठा आहे. स्थानकावरची वाटणी विटाळाच्या कल्पनेवर उभी होती. दुसऱ्याच्या हातचे पाणीसुद्धा नको, हा तिचा अर्थ. विमानात ट्रे एकाच गाडीतून येतो, एकाच हाताने वाढला जातो, शेजारच्याच्या ताटाला ताट लागते. प्रवासी फक्त एवढेच म्हणतो, 'मला अमुक चालत नाही.' हे बहिष्काराचे नव्हे, सोयीचे वाक्य आहे.

तरीही नावात धर्म आला की वाद येतोच. जुलै २०१८ मध्ये एमिरेट्सने हिंदू मील बंद करण्याचे जाहीर केले. प्रवाशांनी एवढी नाराजी व्यक्त केली की लगेच निर्णय फिरवावा लागला. एअर इंडियाने २०१७ साली देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात मांसाहार बंद केला, तेव्हाही चर्चा झडली. २०२४ मध्ये तर जेवणाला धर्माची नावे हवीतच कशाला, असा प्रश्न विचारला गेला. त्या नोव्हेंबरात एअर इंडियाने ठरवले की आधी मागणी नोंदवलेल्या मुस्लिम जेवणालाच हलाल प्रमाणपत्र असेल, आणि सौदी अरेबियाच्या मार्गांवर मात्र सगळेच जेवण हलाल राहील.

मला वाटते, यावरचा उपाय साधा आहे. पाकिटावर धर्माऐवजी पदार्थ लिहावा. 'गोमांस व डुकराचे मांस नाही', 'कांदा-लसूण नाही', 'हलाल', 'मासळी आहे' असे स्पष्ट लिहिले की ज्याला जे चालते ते तो घेईल. एकादशी असेल तर शाकाहारी मागेल, नसेल तर मासळी. धर्म कोणता हे ताटावर लिहायची गरजच उरणार नाही. जैन कुटुंबाचा धर्म त्यामुळे कमी होणार नाही आणि गोव्याच्या हिंदूला सोमवारी कोंबडीशी सामना करावा लागणार नाही.

तोवर, परदेशी निघालेल्या आपल्या आईवडिलांचे तिकीट काढताना जेवणाचा रकाना घाईने भरू नका. शाकाहारी असतील तर 'हिंदू' या शब्दावर विसंबू नका, 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा. आणि सोबत थोडे चिवडा-लाडू बांधून द्यायला विसरू नका!