कातडीखालच्या वाटा

कात्रजच्या तलावाचे पाणी अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्याच्या हौदांत खेळवले गेले. वरून चालणाऱ्याला तो नळ दिसत नसे. आतली हवा मोकळी राहावी म्हणून वाटेवर उच्छ्वास बांधले होते, आणि जाणत्याला त्यांच्यावरून पाण्याची दिशा कळत असे.

माणसाच्या देहातही अशा अदृश्य वाटा आहेत. कातडी, स्नायू, कंडरा ही सारी तंतूंची वीण आहे, आणि कापडाला जसा उभा-आडवा धागा, तशी या विणीलाही दिशा असते. शस्त्र त्या दिशेने चालले तर जखमेच्या कडा सहज मिटतात. आडवे चालले तर त्या फाकतात आणि व्रण जन्मभर मिरवावा लागतो. ही दिशा जिवंत देहात ओळखायची कशी, हा शस्त्रवैद्याचा फार जुना प्रश्न आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्याचे एक उत्तर आहे. भुवया, गाल, कपाळ, पापण्या, ओठ, काख, जांघ या जागी छेद तिरका घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. तसे न केल्यास शिरा आणि स्नायू तुटतात, वेदना फार होतात, जखम भरायला वेळ लागतो आणि मांसाची गाठ उठते, असा इशाराही आहे. हे ज्ञान अनुभवाचे. त्यामागचे कारण मात्र डोळ्यांआड होते.

पुण्याजवळच घडलेली एक गोष्ट येथे आठवते. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलवाला शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. आपल्याकडे नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ साचा कपाळावर ठेवून त्याने आकार आखला, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांमधला चिंचोळा दुवा तेवढा राखला आणि कातडी फिरवून खाली बसवली. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या. पुढे तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो दुवा कापला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात हा वृत्तांत छापला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तीच रीत लंडनमध्ये वापरली. रोग्याचे नाव राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे राहिली. ज्याच्या हाताने हे झाले त्याचे नाव मात्र कोणी टिपले नाही.

युरोपात या वाटांचा शोध प्रेतांवर लागला. व्हिएन्नाचे कार्ल लांगर यांनी प्रेताच्या कातडीला गोल टोच्याने भोके पाडली. ती गोल न राहता लांबट झाली. त्या लांबट भोकांच्या ओळी जोडत त्यांनी साऱ्या अंगाचा नकाशा काढला आणि १८६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजही शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत लांगररेषा शिकवतात. पण प्रेताची कातडी हसत नाही, वळत नाही, ताणत नाही. जिवंत देहातल्या रेषा कित्येक जागी वेगळ्या पडतात.

जिवंत देहाला न दुखवता आत डोकावण्याचे साधन निघाले ते आवाजाचे. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले की काही स्फटिक दाबले असता वीज उत्पन्न होते. त्याच गुणाचा उपयोग करून पुढे कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निर्माण करता आला आणि त्याचा प्रतिध्वनी टिपता आला. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठींची ध्वनिचित्रे छापली, आणि सोनोग्राफी दवाखान्यात आली. कंडरेवर ध्वनी सरळ काटकोनात पडला तर तिचे तंतू उजळ दिसतात. थोडा तिरपा पडला की तीच कंडरा काळी दिसते आणि अननुभवी नजरेला ती तुटल्याचा भास होतो. हा दोष खरा, पण तंतूंना दिशा आहे याची साक्षही तोच देतो.

दिशा मोजण्याची युक्ती त्याहून नाजूक आहे. ध्वनीच्या जोरकस झोताने मांसात बारीकशी थरथर उठवतात. ती सेकंदाला काही मीटर एवढ्याच संथपणे पसरते. ध्वनी स्वतः मऊ मांसातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, म्हणून तो तिचा माग काढू शकतो. तंतूंच्या लांबीने थरथर वेगाने जाते, आडवी जाताना मंदावते. निरनिराळ्या दिशांची गती मोजली, की जिकडे वेग जास्त तिकडे तंतूंचा रोख. पॅरिसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये या रीतीने जनावरांच्या हृदयाच्या भिंतीतले, थराथराने वळत जाणारे तंतू नकाशावर आणले आणि ते प्रत्यक्ष कापांशी ताडून पाहिले.

विटा करणाऱ्याची रीत छापली गेली म्हणून वाचली. कातडी कोठे ओढ घेते, कोठे सैल पडते याची त्याच्या बोटांतली जाण त्याच्याबरोबर गेली. ध्वनीच्या या नकाशांचे खरे मोल हेच, की बोटांची जाण आता कागदावर उतरून दुसऱ्या हाती देता येईल. कावसजीला मात्र त्याची वाट पाहावी लागली नाही. एका निनावी हाताने त्याची अब्रू त्याला परत दिली होती.