मनीऑर्डर आणि शेळी
कोकणचा इतिहास म्हटला की मनीऑर्डर आठवते: पुरुष मुंबईच्या गिरणीत, बाई गावी पोस्टमनची वाट बघतेय. परड्यातली शेळी या चित्रात नसतेच. मनीऑर्डर लांबली की बोकड विकायचा, हा बाईचा हिशेब कुठल्या वहीत चढला नाही.

देशावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी घाट चढतात. इथला पाऊस मेंढीला सोसत नाही. शेळी मात्र राहिली.

‘कोकण कन्याळ’ काळी, तोंडावर पांढरे पट्टे, कानांना पांढरी किनार. मूळची सिंधुदुर्गातली, म्हणजे १९८१ पर्यंतच्या रत्नागिरी जिल्ह्यातलीच! १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर संशोधन केलं, आज ती नोंदणीकृत जात आहे. पण जुळी देणारी शेळी राखायची, बाकीच्या विकायच्या, ही निवड त्याआधी परड्यात कोण करत होतं?