एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथपरीक्षण : ग्रंथकार, परीक्षक आणि वाचक यांचे परस्परसंबंध

प्रस्तावना :
ग्रंथ लिहिला गेला, छापला गेला, म्हणजे तो वाचकापर्यंत पोहोचला असे होत नाही. ग्रंथकार आणि वाचक यांच्यामध्ये ग्रंथाचा परिचय करून देणारा, त्याचे गुणदोष सांगणारा परीक्षक उभा असतो. मराठीत हा परीक्षक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियतकालिकांच्या आश्रयाने उदयास आला. त्याने मराठी गद्याला शिस्त लावली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात वारंवार सांगितली जाते. परंतु कोणाच्या लेखनाला ग्रंथ म्हणावे आणि कोणाला वाचक म्हणावे, हेही त्यानेच ठरवले. या बाजूची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. प्रस्तुत निबंधात महात्मा जोतीराव फुले आणि ताराबाई शिंदे यांच्या ग्रंथांना मिळालेल्या प्रतिसादाच्या आधारे या संबंधांचा वेध घेतला आहे.

परीक्षणाची पूर्वपीठिका :
इ. स. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ झाला. तथापि ग्रंथांचे मूल्यमापन करणारी पहिली प्रभावी सत्ता नियतकालिकांची नव्हती, ती सरकारी होती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग ब्रिटिश सरकारने मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. ग्रंथकाराने हस्तलिखित पाठवावे, कमिटीने ते पारखावे आणि योग्य वाटल्यास पारितोषिक द्यावे, अशी ही व्यवस्था होती. येथे वाचकाला स्थान नव्हते. परीक्षकाने नाकारलेले लेखन वाचकाच्या दृष्टीस पडण्याची शक्यताच फार थोडी होती.

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक या व्यवस्थेतच अडले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा अनुभव फुले यांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद केला. हे नाटक प्रत्यक्ष छापले गेले ते १९७९ मध्ये. म्हणजे लेखन आणि मुद्रण यांत जवळजवळ सव्वाशे वर्षांचे अंतर पडले. शेतकरी कुटुंबाची धर्माच्या नावाने होणारी फसवणूक हा त्या नाटकाचा विषय होता. ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांच्या पिढ्या ते न वाचताच गेल्या.

नियतकालिकांतील परीक्षण :
१८६७ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखाली 'विविधज्ञानविस्तार' सुरू झाले आणि ते १९३७ पर्यंत चालले. ग्रंथपरीक्षण हे या मासिकाचे महत्त्वाचे अंग होते. जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' निघाली. सात वर्षांत तिचे ८४ अंक प्रसिद्ध झाले. इंग्रजी निबंधकारांचा, विशेषतः जॉन्सन आणि मेकॉले यांचा आदर्श चिपळूणकरांपुढे होता. भाषा, लेखनशुद्धी, वाचन आणि ग्रंथांवरील टीका या विषयांचा त्यांनी गंभीरपणे विचार केला. ग्रंथकाराच्या प्रतिष्ठेला न भिता त्याचे दोष दाखवणे हे टीकाकाराचे कर्तव्य आहे, ही दृष्टी मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. लोकहितवादींसारख्या ज्येष्ठ ग्रंथकारावरही त्यांनी कठोर टीका केली.

मात्र या परीक्षणाचे सामाजिक क्षेत्र मर्यादित होते. ग्रंथ लिहिणारे, त्यांवर अभिप्राय देणारे आणि वर्गणी भरून मासिके वाचणारे हे बहुतांशी एकाच वर्गातील होते. आजचा वाचक उद्याचा ग्रंथकार, आणि आजचा ग्रंथकार उद्याचा परीक्षक, अशी स्थिती होती. त्यामुळे मतभेद कितीही तीव्र झाले तरी वादाची भाषा आणि वादाचे नियम सर्वांना मान्य असत. या वर्तुळाबाहेरचा ग्रंथकार पुढे आला, तेव्हा या नियमांची खरी कसोटी लागली.

'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुले यांच्या पुस्तकांचा आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा समाचार घेतला. त्या टीकेचा मोठा भाग भाषा, व्याकरण आणि ग्रंथकाराची विद्वत्ता यांच्या उपहासाने व्यापलेला आहे. फुले यांच्या इतिहासविषयक मांडणीवर आक्षेप घेण्यास जागा होती, हे मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा जो प्रश्न ग्रंथाने उपस्थित केला होता, त्याला शुद्धलेखनाची चूक हे उत्तर होऊ शकत नव्हते. भाषेची शुद्धता हा परीक्षणाचा निकष राहिला नाही. तो प्रवेशाचा परवाना बनला.

वाचकाकडे जाणारा दुसरा मार्ग :
या परिस्थितीत फुले यांनी परीक्षकाला वळसा घालून थेट वाचकाकडे जाण्याचा मार्ग शोधला. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ मध्ये सिद्ध झाला. त्याचा मजकूर फुले यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनाही तो ऐकवला. 'दीनबंधू'ने आरंभीची दोन प्रकरणे छापून पुढील छपाई थांबवली, यावरून स्वकीयांच्या पत्रातही अशा लेखनाला अडथळे होते हे स्पष्ट होते. ज्या समाजात साक्षरता अत्यल्प होती, तेथे 'वाचक' या शब्दात श्रोत्याचाही समावेश करावा लागतो. जुन्नर-ओतूरच्या श्रोत्यांनी कोणत्याही मासिकात अभिप्राय लिहिला नाही. परंतु समोर बसून ऐकणे, प्रश्न विचारणे, मान डोलावणे हेही परीक्षणच होय.

१८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ मधील दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुले यांना आले, तेव्हा त्यांनी पत्र पाठवून ते नाकारले. हे पत्र जून १८८५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. शूद्रातिशूद्रांचे हक्क मान्य न करणाऱ्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपला मेळ बसत नाही, हा त्या पत्राचा आशय होता. ग्रंथकारांच्या सभेत ग्रंथाचा विषय झालेला माणूस कोठे आहे, हाच त्यामागील प्रश्न होता.

ताराबाई शिंदे यांचे मौन :
बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा ग्रंथ १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला हे उत्तर होते. ग्रंथाचे स्वागत उपहासाने झाले. टीकाकारांत सत्यशोधक वर्तुळातीलही काही जण होते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. परंतु ताराबाईंचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. फुले यांच्या पाठीशी संघटना होती, म्हणून प्रतिकूल टीकेनंतरही ते लिहीत राहिले. ताराबाईंना तसा आधार नव्हता. उपहासाची किंमत सर्व ग्रंथकारांना सारखी मोजावी लागत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

समारोप :
एकोणिसाव्या शतकातील हा प्रश्न त्या शतकातच संपला नाही. दलित आणि आदिवासी साहित्याला प्रमाणभाषेचा तोच निकष पुन्हा पुन्हा लावला गेला. शहादा परिसरातील वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या काव्यसंग्रहाने भिली समाजाचे अनुभव मराठी वाचकांसमोर आणले, तेव्हाही आदिवासींविषयी बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा प्रश्न केंद्रस्थानी होता. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापरसारख्या गावात अनेक विद्यार्थी घरी भिली बोलतात आणि प्रमाण मराठी शाळेत शिकतात. असा विद्यार्थी एखाद्या पुस्तकाविषयी चार ओळी लिहितो, तेव्हा अध्यापकाची लाल शाई प्रथम ऱ्हस्व-दीर्घाकडे जाते. शुद्धलेखन शिकवणे आवश्यकच आहे. पण त्या चार ओळींत पुस्तकाविषयी काय म्हटले आहे, हे आधी वाचले गेले पाहिजे.

सारांश, मराठी ग्रंथपरीक्षणाने चिकित्सेची परंपरा निर्माण केली, हे तिचे यश होय. आपल्या वर्तुळाबाहेरच्या ग्रंथकाराला आणि श्रोत्याला तिने ओळखले नाही, ही तिची मर्यादा होय. 'तृतीय रत्न'ला मुद्रणासाठी लागलेला काळ आणि ताराबाईंचे मौन ही या मर्यादेची मोजमापे आहेत. परीक्षणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना छापल्या गेलेल्या अभिप्रायांबरोबरच त्यांनी थांबवलेल्या लेखनाचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.