वंशावळींतून गळलेल्या स्त्रिया

वतनाच्या निवाड्यासाठीं रचलेल्या वंशावळींत बहुधा पुरुषच दिसतात. स्त्री आलीच तर दत्तक घेणारी विधवा म्हणून. महालयाच्या संकल्पांत मात्र पितृत्रयीमागोमाग मातृत्रयीचा नामोच्चार होतो. म्हणून पोथ्यांत खोंचलेल्या पितरांच्या याद्या आम्ही वंशावळींइतक्याच मोलाच्या मानतों. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशीं त्या ताडून पाहाव्या. लग्नांत नांव बदलतें. तेव्हां माहेर-सासरचे कागद जुळविल्यावांचून भागत नाहीं. बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई पेशव्यांच्या वंशवृक्षांत केवळ एक नांव. पति व्यंकटराव घोरपडे १७४५ त वारल्यावर इचलकरंजीचा कारभार तिनें सांभाळला, हें समजण्यास सासरचाच इतिहास पाहावा लागतो. सामान्य घरच्या स्त्रीला दप्तर कोठलें? तिची ती यादीच. आणि आमचे कांहीं संग्राहक पोथी ठेवून तेवढीच टाकून देतात!