फुकटचा अंगठा

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली लागतं. महामार्गावरचं गाव. चहाच्या हॉटेलात, एसटीच्या थांब्यावर, ज्याला म्हणून दोन मिनिटं रिकामी मिळाली त्याच्या हातात मोबाइल. कोणी रंगीत गोळ्या जुळवतंय, कोणी लुडो खेळतंय, कोणी नातेवाइकाच्या निरोपाखाली अंगठा ठेवतंय. तक्रार करा, उत्तर ठरलेलं असतं : पैसे थोडेच लागतात, घटकाभर करमणूक आहे. शिकलेला माणूस तेच जरा घासूनपुसून मांडतो. पैसे लावले तर तो जुगार, बाकीचा खेळ निरुपद्रवी. आणि इमोजी तर लिखाणात हरवलेला सूर परत आणतात. हा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणूनच त्याला थट्टेवारी नेऊन चालणार नाही.

कायदाही वरवर त्याच्याच बाजूचा दिसतो. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि पुढे रमीची ॲप याच आधारावर उभी राहिली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा करून हा भेद पुसला : पैसे लावले की बंदी, मग कौशल्य असो वा नशीब. पैसे न लावता खेळायच्या खेळांना मात्र त्याने मोकळीक दिली. कायद्याचं हे बरोबरच आहे. रेषा ओढायची तर ती पोलिसाला आणि न्यायाधीशाला दिसेल अशा जागीच ओढावी लागते. चूक आपली आहे; गुन्ह्याची रेषा आपण अपायाची रेषा समजून बसलो. जे निषिद्ध नाही ते हितकर, असा अर्थ आपल्या स्मृतिकारांनीही काढला नसता.

खेळ फुकट असेल तर तो बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे विचारून पाहावं. २०१२मध्ये आलेल्या कँडी क्रशची रचना पाहा. पाच जीव मिळतात. ते संपले की एका जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर मित्रांकडे मागा, नाहीतर विकत घ्या. बहुतेक जण विकत घेत नाहीत. ते थांबतात आणि अर्ध्या तासाने परत येतात. हे परत येणंच धंद्याचं भांडवल. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा दर खेपेला न मिळता कधी मिळेल याचा नेम नसला, तर चोच मारणं थांबता थांबत नाही. रोजचं बक्षीस, फिरणारं चाक, नाण्यांचा खळखळाट हे सगळं त्याच जातीचं. जुगाराच्या ॲपमध्येही हेच असतं. पैशाविना खेळणाऱ्या पोराला तिकडे गेल्यावर नवं काही शिकावं लागत नाही, फक्त बँक खातं जोडावं लागतं.

सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत, हेही खरं. लुडो आपल्या पचिशीच्याच वंशातला. नवी मुंबईत तयार झालेला, २०१६मध्ये आलेला लुडो किंग २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत शिरला. चार गावांत अडकलेली भावंडं एका पटावर बसली, त्यात वाईट काय? पण तो डाव भावंडांचा होता. कोणी तरी जिंकायचं, कोणी चिडायचं आणि पट उठायचा. रात्री अकराला अनोळखी माणसाशी किंवा यंत्राशी चाललेला लुडो उठत नाही. एक डाव संपायच्या आत दुसरा मांडून तयार असतो.

आता इमोजी. त्यांनी मराठी बुडते, ही ओरड मला मान्य नाही. मोडीत विरामचिन्हं नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुळवली, आणि स्वल्पविरामाला आज कोणी परका म्हणत नाही. गरजही खोटी नाही. १९८२च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी संगणकावरच्या चर्चेत विनोद ओळखू यावा म्हणून अपूर्णविराम, रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. क्रूगर आणि एप्ली या संशोधकांच्या २००५च्या अभ्यासातही दिसलं, की ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला कळेल अशी लिहिणाऱ्याला जेवढी खात्री असते, तेवढा तो कळत नाही. मराठीची अडचण मात्र तितकी मोठी नाही. ‘ये ना’, ‘ये की’, ‘ये बरं’, ‘ये हं’ हे चार सूर आपण कोणत्याही चित्राशिवाय लिहून दाखवतो.

आणि वाक्याला सूर द्यायला इमोजी वापरले जातात तरी किती? बहुतेकदा ते वाक्याऐवजीच येतात. गटावर कोणी गेल्याची बातमी पडते आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या रांगेत जो गेला त्याच्याबद्दल एक ओळ नसते. पण प्रत्येकाच्या मनात दुःखाचा हिशेब चुकता झालेला असतो.

अंगठ्याचं प्रकरण याहून गंभीर. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याला व्यापाऱ्याने जवसाच्या सौद्याचा करार फोनवर पाठवून दुजोरा मागितला. त्याने अंगठा पाठवला. माल गेला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा फक्त करार पोचल्याचा होता. २०२३मध्ये न्यायालयाने तो सहीच मानला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अमान्य ठरत नाही.

हाच अंगठा आता बीडमध्ये आणून पाहा. जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पोरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे. या घरांना फोन नको असं कोण म्हणेल? लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला निदान चित्र तरी कळतं, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण त्याच पडद्यावर आवाज पाठवायचं बटण आहे, तेही तेवढंच फुकट, आणि पोराने पाठवलेल्या बदामात त्याचा खोकला ऐकू येत नाही. मुकादमाने उचलीचा आकडा पाठवला तर ‘मिळाला’, ‘मान्य’ आणि ‘घरी विचारून सांगतो’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. अंगठा तिन्हींना चालतो. त्यातलं कोणतं धरायचं हे मग मुकादम ठरवतो.